गार करून तपासलेला माल

सोपानअण्णा येळवंडे चहाचा ग्लास नेहमी वरच्या काठाला, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायचे. चटका बसतो म्हणून नव्हे. हाताची ऊब मापाला लागली की माप खोटं येतं, हे त्यांनी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ऐकलं आणि तेव्हापासून जगातली कुठलीही वस्तू तळहातात घेणं सोडून दिलं. लग्नाच्या फोटोत ते बायकोच्या गळ्यात घालायचा हारसुद्धा चिमटीत धरून उभे आहेत, असं त्यांच्या बायकोनेच मला एकदा सांगितलं. मी तो फोटो पाहिलेला नाही, पण माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे.

चाकणच्या ज्या कारखान्यात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळतो, तिथे गाड्यांचा पत्रा दाबून आकार देण्याच्या डाय बनतात. डाय म्हणजे भलामोठा लोखंडी साचा. त्याला लागणारे ओतीव ठोकळे, पिना, स्प्रिंगा बाहेरून येतात, आणि आलेला प्रत्येक नग आधी अण्णांच्या टेबलावर जायचा. पसंत पडला तर हिरवं कार्ड, नाही पडला तर लाल कार्ड आणि कोपऱ्यातला लाल डबा. कार्डावर शिक्का मारायचा. आमच्याकडे प्रत्येक तपासनिसाला स्वतःचा नंबर असलेला रबरी शिक्का मिळतो आणि रिपोर्टवर सही नाही, तो शिक्काच चालतो. अण्णांचा नंबर सात. जांभळ्या शाईतला तो गोल सात ज्या पेटीवर पडला, ती पेटी पुढे कुणी उघडून बघत नसे.

अण्णा देहूच्या पलीकडचे, इंद्रायणीकाठच्या जुन्या शेतकरी घरातले. घरची जमीन कारखान्यांसाठी गेली, बदल्यात घरात एक नोकरी आली आणि ती अण्णांच्या वाट्याला आली. ही गोष्ट ते कधी रडून सांगत नसत. "रान गेलं अन् मायक्रोमीटर आला," एवढंच म्हणायचे आणि कामाला लागायचे. तीस वर्षं इंजिनिअरांत काढूनही त्यांची बोली गावचीच राहिली. इंग्रजी शब्द मात्र ते आपल्याच वळणावर घेऊन खणखणीत वापरायचे.

पुरवठादाराचा माणूस वरचे दोन नग हौसेने पुढे करायचा. अण्णा ते शांतपणे बाजूला ठेवायचे, शर्टाची बाही कोपरापर्यंत सारायचे आणि पेटीच्या तळाशी हात घालायचे. "वरचा माल दाखवायला असतोय," असं त्यांचं म्हणणं. चाकणच्या बाजारात कांदे घेतानाही तीच तऱ्हा. एकदा मी सोबत होतो. ओळखीच्या व्यापाऱ्याने अण्णांना लांबून पाहिलं आणि आख्खं पोतंच आडवं केलं. "घ्या अण्णा, तुमी काय ऐकनार न्हाई," तो म्हणाला. अण्णांनी तळातले पाच कांदे काढले, खिशातल्या पिवळ्या फडक्याने पुसले, एक नाकाशी नेला आणि म्हणाले, "चालंल." चालंल ही त्यांच्याकडची सगळ्यात मोठी शाबासकी होती. त्यांची मुलगी पदवीला पहिल्या वर्गात आली तेव्हाही त्यांनी तिला हेच ऐकवलं होतं.

एका दिवाळीला एका पुरवठादाराने ठोकळ्यांच्या पेटीवर मिठाईचा पुडा ठेवून पाठवला. त्याच्या आधीच्या दोन खेपा अण्णांनी नापास केल्या होत्या. अण्णांनी पुड्याला लाल कार्ड बांधलं, कारणाच्या रकान्यात 'ऑर्डरमध्ये नाही' असं लिहिलं, सात नंबरचा शिक्का मारला आणि पुडा परत धाडला. ते कार्ड पुढे त्या पुरवठादाराच्या टेबलावर काचेखाली होतं म्हणे. त्याची तिसरी खेप पास झाली, तीही तळापासून.

पिवळ्या फडक्याबद्दल थोडं सांगायला हवं. हातभर लांबीचं, मऊ सुती, रोज धुतलेलं. कुठलाही नग अण्णा आधी त्याने पुसायचे आणि मग त्याच फडक्यात धरून उचलायचे, म्हणजे हाताची ऊब नगाला लागायला नको. चष्माही त्यानेच पुसायचे. उन्हाळ्यात घाम पुसायला मात्र वेगळा रुमाल होता. फडक्याला घाम लागलेला त्यांना खपत नसे.

मग एके वर्षी वरून ठरलं की पुरवठादारांनी आपापला माल आपणच तपासून पाठवायचा. आवक तपासणी बंद झाली. निवृत्तीला वर्षच उरलेल्या माणसाचं काय करायचं, तर त्याला कॉम्प्युटर विभागात टाका. खरं सांगतो, मी कपाळावर हात मारला होता. मला केबल ओढणारा, पासवर्ड बदलून देणारा माणूस हवा होता, आणि मिळाला ठोकळे मोजणारा. अण्णा आले ते आपलं बिऱ्हाड घेऊनच आले. त्यांची वातानुकूलित तपासणी खोली आमच्या विभागाला जोडून दिली गेली, कारण तिच्यातली टेबलासारखी बसवलेली काळी ग्रॅनाइटची फरशी हलवायची कुणाची टाप नव्हती. आरशासारख्या सपाट त्या फरशीवर ठेवून ते नग मोजायचे. सोबत फटी मोजायच्या पात्यांची डबी, लाल-हिरव्या कार्डांचे गठ्ठे, आणि चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवलेला शिक्का.

त्याच वर्षी मी माझा मोठा पराक्रम केला. आमचे डिझायनर जुन्या, जाडजूड कॉम्प्युटरांवर काम करत. सहा महिने साहेबांच्या मागे लागून मी त्यांच्यासाठी बारा नवे लॅपटॉप मंजूर करून घेतले. बाजारातले उंची लॅपटॉप. धातूचं अंग, वहीएवढी जाडी, चित्रांसाठी वेगळी चिप. ज्या दिवशी खोकी आली त्या दिवशी मी वरबापासारखा मिरवत होतो. अण्णांनी एक लॅपटॉप फडक्यात धरून फरशीवर ठेवला, चहूबाजूंनी पाहिला आणि विचारलं, "काम्पूटर साहेब, ह्येचं ड्रॉइंग कुटं हाय?"

मी त्यांना कंपनीचं गुळगुळीत माहितीपत्रक दिलं. दोन दिवस ते वाचून त्यांनी माझ्या टेबलावर परत आणून ठेवलं.

"ह्यात टॉलरन्स कुटंच न्हाई. पातळ, हलका, येगवान, आसंच लिवलंय. पातळ म्हंजे किती? अन् त्यात कमी-जास्त किती चालंल?"

मग त्यांनी आपलं माप आपणच ठरवलं. झाकण मिटल्यावर चारी बाजूंना फट सारखी हवी. पातं घालून त्यांनी बाराही लॅपटॉप मोजले आणि दोनांना लाल कार्ड बांधलं. विक्रेत्याचा माणूस आधी हसला, मग कुरकुरला, शेवटी बदलून देऊन गेला. मी खूश झालो. इतका खूश की मी एक नियमच काढला. यापुढे लॅपटॉपची कुठलीही तक्रार आधी अण्णांकडे जाईल आणि शिक्का नंबर सात जे म्हणेल ते अंतिम. माझ्या डोक्याचा ताप गेला, असं मला वाटलं.

मार्च लागला तशा तक्रारी सुरू झाल्या. पडद्यावर डायचं चित्र फिरवता फिरवता मध्येच हिरवे चौकोन उमटायचे. कधी आडव्या रेघा सुटायच्या. मग पडदा काळा, आणि लॅपटॉप आपोआप पुन्हा सुरू. विक्रेत्याला फोन केला की एकच उत्तर, ड्रायव्हर अपडेट करा. मी केले, जुने परत टाकले, पुन्हा नवे टाकले. माझ्या नाकी नऊ आले. विक्रेत्याचा सर्व्हिस इंजिनिअर निखिल माणहून मोटारसायकलवर यायचा, तपासायचा आणि म्हणायचा, "सर, काहीच सापडत नाही. वापरणाऱ्याची चूक असेल."

अण्णांना तरी काय सापडत होतं? त्यांची पद्धत ठरलेली. मशीनवरून आलेला नग गरम असतो, गरम लोखंड फुगतं, तेव्हा मोजलं तर माप चुकतं. म्हणून नग आधी थंड खोलीत, फरशीवर तासभर ठेवायचा. "माल शांत होऊ दे," ते म्हणायचे. ठोकळ्यांच्या बाबतीत हे शंभर टक्के बरोबर आहे. लॅपटॉप आला की अण्णा तो पिवळ्या फडक्यात धरून घ्यायचे, फरशीवर ठेवायचे, तासभर शांत करायचे, मग दहा मिनिटं चालवून बघायचे. लॅपटॉप सुतासारखा चालायचा. 'दोष आढळला नाही.' शिक्का. असे नऊ रिपोर्ट झाले. मी प्रत्येकाची प्रत निखिलला पाठवली आणि तो दरवेळी खूश होऊन म्हणाला, "येळवंडे साहेबांचा शिक्का आहे ना, मग विषयच संपला."

त्या नऊपैकी तीन रिपोर्ट वैशालीच्या लॅपटॉपचे होते. वैशाली उदगीरकडची, दहा महिन्यांपूर्वी डिझायनर म्हणून लागलेली आणि अजून कायम व्हायची होती. मोशीत दोन मुलींसोबत खोली घेऊन राहायची. नवी डाय प्रेसवर चढवून पहिले पत्रे दाबून बघतात, तेव्हा तिथे उभं राहून चित्रात दुरुस्त्या करायचं काम तिच्याकडे होतं. प्रेसची शेड पत्र्याची. एप्रिलात तिथे उभं राहिलं की शर्ट पाठीला चिकटतो. ती लोखंडी टेबलावर लॅपटॉप उघडून तीन-तीन तास तिथे असायची.

एका दिवशी तिने डायच्या एका गोलाईत बदल केला आणि तो जतन व्हायच्या आत पडदा काळा झाला. पुन्हा सुरू झाल्यावर जुनं चित्र उघडलं, आणि घाईत तेच मशीनवर गेलं. तुकडा चुकीचा कापला गेला. गिऱ्हाइकासमोरची चाचणी आठवडाभर पुढे ढकलावी लागली. वैशालीने लपवलं नाही. ती स्वतः जाऊन प्लँटचे प्रमुख घाटगे साहेब यांना सांगून आली.

घाटगे साहेबांनी मला बोलावलं तेव्हा ती तिथेच उभी होती.

"लॅपटॉप बंद पडला असं कोण म्हणतं?" त्यांनी विचारलं.

"मी म्हणते सर," वैशाली म्हणाली.

साहेबांनी सात नंबरचे तीन रिपोर्ट टेबलावर मांडले. "हा शिक्का काय म्हणतो ते वाच."

ती वाचत राहिली. ती गेल्यावर साहेब मला म्हणाले की चूक कुणाचीही होते, पण खापर मशीनवर फोडणारा माणूस त्यांना कायम करायचा नाही. सोमवारी दुपारी तिच्याबद्दल बैठक आहे. नियम मी काढला होता, रिपोर्टच्या प्रती मी वाटल्या होत्या, आणि मी तिथे गप्प बसलो. आजही ते आठवलं की मला स्वतःची चीड येते.

शुक्रवारी सकाळी मी अण्णांच्या खोलीत होतो. वैशाली थेट प्रेसवरून आली. लॅपटॉप एका हातावर तोललेला, कपाळावर घाम.

"अण्णा, पुन्हा काळा झाला बगा. आत्ताच. दोन मिनिटं झाली नाहीत."

अण्णांनी खिशातून फडकं काढलं. "ठिव फरशीवर. तासाभरानं बगू."

"तासाभरानं तो चालूच होणार की. दरवेळी तसंच व्हायलंय. तुमच्या खोलीत आला की शहाणा होतो. सगळे म्हणायलेत वैशाली खोटं बोलते."

अण्णांना ते लागलं. "मंग मी काय खोटं ल्हितो व्हय?"

"तुम्ही खोटं नाही लिहीत की अण्णा. मी पण खोटं बोलत नाही. मग मी काय समजायचं ते तरी सांगा."

तिचा आवाज चढला नाही. पण डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि एक हात लॅपटॉपखाली अडकलेला असल्याने तिला ते धड पुसताही येईना. अण्णा अवघडले. मग त्यांनी हातातलं पिवळं फडकं तिच्यापुढे धरलं.

"पूस," ते म्हणाले. "अन् ते दे हिकडं."

तिने फडकं घेतलं. अण्णांनी तिच्या हातातला लॅपटॉप घेतला, आणि फडकं हातात नव्हतं म्हणून दोन्ही तळहातांवर घेतला. ते एकदम दचकले. लॅपटॉप त्यांनी फरशीवर ठेवला, आपले तळहात पाहिले, मग पुन्हा एक तळहात लॅपटॉपखाली सरकवला आणि तसाच राहू दिला.

"ह्यो तापलाय," ते म्हणाले.

"प्रेसवर तासभर चालला की तापतोच अण्णा."

"रोज?"

"रोज."

दूध उतू जाताना पातेलं उचलावं तसा अण्णांनी तो लॅपटॉप फरशीवरून उचलला. "धर ह्येला. चालू कर. गार होऊ दिऊ नको. चल प्रेसवर." आणि दारातून जाता जाता मला म्हणाले, "काम्पूटर साहेब, आमी ह्येला गार करून तपासत हुतो. ही बया चालवती तापवून. माल चुकला न्हाई, पोरगी चुकली न्हाई. तपासनी चुकली."

शनिवारी त्यांनी बाराही लॅपटॉप प्रेसच्या शेडमध्ये लोखंडी टेबलांवर ओळीने मांडले. सगळ्यांवर सगळ्यात जड डायचं चित्र फिरत ठेवलं. त्यांच्याकडे एक तापमापक होतं, टोक टेकवलं की आकडा दाखवणारं, एरवी डायसाठी वापरायचं. दर दहा मिनिटांनी अण्णा प्रत्येक लॅपटॉप उचलून, खडूने आखलेल्या पाच ठिकाणी ते टेकवून आकडे लिहायचे. प्रेसवरचे कामगार जेवणाच्या सुट्टीत डबे घेऊन तिथेच जमले. चाळीस मिनिटांनी वैशालीच्या लॅपटॉपवर पहिला हिरवा चौकोन उमटला. तास भरेपर्यंत पाच लॅपटॉप बिघडले, आणि त्या पाचांत डाव्या बिजागरीजवळची एकच जागा बाकीच्या सातांपेक्षा भलतीच गरम होती. नऊच्या नऊ तक्रारी त्याच पाचांच्या होत्या.

सोमवारी सकाळी निखिल आला. आल्या आल्या त्याने जुना रिपोर्ट काढला. अण्णांनी त्याला चालू लॅपटॉपजवळ नेलं. "हात लावा," ते म्हणाले. निखिलने हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग त्याने ऑफिसला फोन करून परवानगी घेतली आणि लॅपटॉप उघडला. चिपच्या बाजूची उष्णता वाहून न्यायला आत एक मऊ पट्टी असते. ती सरकलेली होती. दुसऱ्यातही तेच. निखिलने पेचकस खाली ठेवला आणि म्हणाला, "पाचही बदलून देतो सर." चांगला मुलगा होता, मान्य करायला त्याने वेळ लावला नाही.

गोष्ट इथेच मिटली असती. मी तर मिटवायलाच निघालो होतो. अण्णांनी रद्द करायला म्हणून माझ्याकडे जुने नऊ रिपोर्ट मागितले, तेव्हा मी त्यांना घेऊन घाटगे साहेबांकडे गेलो, कारण पुढचा धोका मला दिसत होता. आमच्या कारखान्यात तपासनिसाचा रिपोर्ट खोटा ठरून रद्द झाला की त्याचा शिक्का जमा होतो. मग पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा परीक्षा, आणि पुढची तुकडी सहा महिन्यांनी. अण्णांच्या निवृत्तीला चार महिने होते. निवृत्त होणाऱ्या तपासनिसाला त्याचा शिक्का, आकडा खरवडून, आठवण म्हणून घरी नेता येतो. तीस वर्षांत सात नंबर एकदाही जमा झाला नव्हता.

"येळवंडे, नवे रिपोर्ट लावा की फायलीला," साहेब म्हणाले. "जुने राहू द्या. तिला कायम करतो मी, शब्द देतो. तुमचा शिक्का कशाला घालवता?"

अण्णा उभेच होते. "साहेब, त्या पोरीच्या फायलीत माजे तीन कागद हायेत. ते काय म्हनत्यात? ही खोटं बोलती म्हनत्यात. नवा कागद लावला तरी ते तितंच ऱ्हानार. तुमी हाय तवर ठीक हाय. उद्या दुसरं साहेब येतील, फाईल उघडतील. त्यांना काय ठावं कंचा कागद खरा?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी या वेळी गप्प बसलो नाही. मी म्हणालो की अण्णा बरोबर बोलतायत आणि नियम माझा होता, तर माझंही नाव त्यात घाला. अण्णांनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं. त्यांनी साहेबांच्याच टेबलावर नऊ लाल कार्डं मांडली आणि प्रत्येकावर कारणाच्या रकान्यात एकच मजकूर लिहिला, 'गार करून तपासला. चूक तपासनिसाची.' चष्म्याची डबी उघडली आणि नऊ वेळा शिक्का मारला. एकही शिक्का तिरका पडला नाही. मग शिक्का पुसायला त्यांनी सवयीने खिशात हात घातला, पण फडकं अजून वैशालीकडेच होतं. त्यांनी शर्टाच्या बाहीने शाई पुसली आणि शिक्का साहेबांपुढे ठेवला.

"जमा करून घ्या," ते म्हणाले.

मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला. अण्णांचा चेहरा मात्र कांदे निवडतानाच्या चेहऱ्यापेक्षा वेगळा नव्हता.

दुपारच्या बैठकीत वैशाली कायम झाली. दुसऱ्या दिवशी ती फडकं धुऊन, इस्त्री करून घेऊन आली. शिक्क्याचं तिला कळलं होतं.

"अण्णा, माझ्यापायी तुमचा शिक्का गेला."

"रबराचा हुता," अण्णा फडक्याची घडी तपासत म्हणाले. "तू काय रबराची हायस व्हय?"

पुढचे चार महिने अण्णा तपासायचे आणि अकरा नंबर येऊन शिक्का मारायचा. अकरा नंबर म्हणजे शेजारच्या विभागातले पन्नाशीचे तपासनीस, बिचारे इतके ओशाळायचे की शिक्का मारताना भिंतीकडे बघायचे. अण्णांना त्याचं काही नव्हतं. ते त्यांना शाईची गादी पुढे सरकवून द्यायचे आणि शिक्का फिका पडला तर पुन्हा मारायला लावायचे. फडकं आता फक्त पुसण्यापुरतं राहिलं. लॅपटॉप ते उघड्या तळहातावर घ्यायचे.

निवृत्तीच्या दिवशी दुपारी कँटीनमध्ये शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. भाषणं झाली. घड्याळ अण्णांनी उलटं करून मागची फट पाहिली आणि सगळे हसले. सव्वाचार वाजता ते आपली पात्यांची डबी न्यायला खोलीत आले. साडेचारला बस होती. वैशाली एक कागद घेऊन तिथे थांबली होती.

लॅपटॉप कसा तपासावा याची लेखी पद्धत तिने तयार केली होती. ती कारखान्याच्या पद्धतींच्या फायलीत जाणार होती आणि पुढे येणारा प्रत्येक तपासनीस तिच्यावरून काम करणार होता. पद्धतीच्या कागदाला शिक्का लागत नाही. त्याच्या तळाशी 'पद्धत ठरवणारा' असा रकाना असतो आणि तिथे सही लागते. तीस वर्षं दुसऱ्यांनी ठरवलेल्या पद्धतींनी काम केलेल्या माणसापुढे तिने तो रिकामा रकाना ठेवला.

अण्णांनी चष्मा पुसला आणि कागद वरपासून वाचला. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"'पुरेसा तापू द्यावा' म्हंजे किती?"

"चाळीस मिनिटं, अण्णा."

"मंग तसं लिव. अन् पाच कमी-जास्त."

तिने लिहिलं. अण्णांनी पेन घेतलं आणि सही केली. त्यांची सही मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. शाळेतल्या मुलासारखी, सुटी सुटी अक्षरं, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. फाटकाकडून बसचा हॉर्न ऐकू आला.

अण्णा उठले आणि त्यांची नजर टेबलावरच्या खोक्याकडे गेली. बदलून आलेल्या पाचांतला शेवटचा लॅपटॉप त्याच दिवशी आला होता.

"ह्यो झाला का?"

"उद्या करते की मी, अण्णा. तुमची बस लागलीय."

"उद्या मी कुटाय," ते म्हणाले आणि खोकं उघडलं. खांद्यावरची शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली, खोलीचा एसी बंद करून लॅपटॉप सुरू केला, वैशालीला जड चित्र लावायला सांगितलं आणि खोलीतल्या जुन्या घड्याळात वेळ बघितली. हॉर्न पुन्हा वाजला. मी दारात उभा होतो. ड्रायव्हरला थांबायला सांगू का, असं मी खुणेने विचारलं. अण्णांनी, जाऊ दे, असा हात केला.

बस गेली. घरी मी सोडतो, असं सांगायला मी खोलीत पाऊल टाकलं, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. उजवा तळहात लॅपटॉपखाली सपाट धरून ते बसले होते, आणि समोर वैशाली पेन घेऊन आकड्याची वाट बघत होती.

"आजून गार हाय," अण्णा म्हणाले.